हात न लावता आज्ञा : परिधेय उपकरणांचे कार्य, उपयोग आणि मर्यादा

मनगटी घड्याळ, पट्टा, चष्मा किंवा डोक्यावर बसवायचे साधन अशा अंगावर धारण करावयाच्या उपकरणांना ‘परिधेय’ अथवा ‘वेअरेबल’ उपकरणे म्हणतात. मोबाइल, संगणक किंवा घरातील दिवे-पंखे यांना स्पर्श न करता आज्ञा देण्यासाठी त्यांचा वापर वाढत आहे. हात कामात गुंतलेल्या व्यक्तीसाठी ही केवळ सोय आहे. ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी मात्र शिक्षण, रोजगार आणि बँकेचे व्यवहार यांचा तो मार्ग ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींचे दिव्यांगत्व हालचालीशी निगडित होते.

कार्यपद्धती

या उपकरणांचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम संवेदक शरीराची हालचाल टिपतात. त्वरणमापक हालचालीचा वेग कसा बदलतो ते मोजतो, तर जायरोस्कोप वळण ओळखतो. त्यानंतर उपकरणातील संगणकीय प्रणाली या नोंदींतून हेतुपुरस्सर केलेली खूण वेगळी काढते. अखेरीस ती आज्ञा बहुधा ब्लूटूथद्वारे दुसऱ्या उपकरणाकडे जाते. अनेक साधने स्वतःची ओळख माउस किंवा कळफलक म्हणून करून देतात. त्यामुळे मोबाइल वा संगणकावर वेगळी प्रणाली बसवावी लागत नाही.

एकच खूण करू शकणाऱ्या व्यक्तीलाही संपूर्ण मोबाइल वापरता येतो. अँड्रॉइडमधील ‘स्विच ॲक्सेस’ आणि आयफोनमधील ‘स्विच कंट्रोल’ या सुविधांत पडद्यावरील पर्याय क्रमाने उजळत जातात. हवा तो पर्याय उजळताच खूण केली की त्याची निवड होते. ही पद्धत संथ असली, तरी तिच्यासाठी बोटांच्या कौशल्याची गरज नसते.

प्रमुख प्रकार

ॲपलने २०२१ मध्ये आपल्या घड्याळासाठी ‘असिस्टिव्ह टच’ ही सुविधा आणली. चिमूट किंवा मूठ मिटण्याची क्रिया ओळखून ती घड्याळाचे नियंत्रण करते. २०२३ मध्ये आलेल्या ‘डबल टॅप’ सुविधेत तर्जनी आणि अंगठा दोनदा जुळवून फोन घेता येतो किंवा आयफोनच्या कॅमेऱ्याने छायाचित्रही टिपता येते. त्यासाठी मनगटाच्या सूक्ष्म हालचालींबरोबरच रक्तप्रवाहातील बदलांचाही आधार घेतला जातो.

दुसरा प्रकार स्नायूंतील विद्युत संकेतांवर आधारलेला आहे. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंमार्फत स्नायूपर्यंत पोहोचली की तेथे अत्यंत क्षीण विद्युत संकेत निर्माण होतात. त्वचेवरील विद्युतग्र ते टिपतात. बोट प्रत्यक्ष हलले नाही, तरी स्नायूत संकेत उमटत असल्यास तो वाचता येतो; म्हणूनच हाताची शक्ती क्षीण झालेल्यांना या तंत्राकडून अपेक्षा आहेत. मज्जारज्जूच्या इजेमुळे स्नायूपर्यंत कोणताही संकेत पोहोचत नसेल, तर मात्र या पट्ट्याचा उपयोग होत नाही. मेटा कंपनीच्या संशोधकांनी जुलै २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मनगटी पट्ट्याने हस्ताक्षराच्या हालचालींतून मिनिटाला सरासरी २०.९ शब्द लिहिता आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये असा पट्टा चष्म्यासह ७९९ डॉलरना अमेरिकेत विक्रीस आला.

तिसरा प्रकार डोक्याच्या हालचालींचा. मान वळवली की पडद्यावरील दर्शक सरकतो. निवड करण्यासाठी दर्शक क्षणभर स्थिर ठेवावा लागतो किंवा वेगळी कळ वापरावी लागते. चेन्नईच्या डेक्स्ट्रोवेअर डिव्हायसेस या कंपनीचे ‘माउसवेअर’ हे या वर्गातील भारतीय साधन आहे.

मर्यादा

नकळत झालेली हालचाल आज्ञा समजली जाणे, ही या तंत्रातील मूलभूत अडचण आहे. संवेदनशीलता वाढवली की चुकीच्या आज्ञा वाढतात. कमी केली की खऱ्या आज्ञा निसटतात. घाम, सैल पट्टा आणि थकवा यांचाही परिणाम होतो. पैसे पाठवण्यासारख्या व्यवहारात दुसऱ्यांदा खात्री करून घेण्याची सोय म्हणूनच आवश्यक ठरते.

उत्पादन बंद पडण्याचा धोकाही मोठा आहे. कॅनडातील थाल्मिक लॅब्स कंपनीने स्नायूसंकेतांवर चालणारा ‘मायो’ हा बाहुपट्टा २०१३ मध्ये जाहीर केला. २०१८ मध्ये त्याची विक्री थांबली. हौसेखातर वापरणाऱ्याला दुसरा खेळ मिळतो. दैनंदिन व्यवहार ज्याच्यावर अवलंबून आहेत, त्याचे मात्र स्वावलंबनच संकटात येते.

कायदेशीर बाजू

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा सार्वत्रिक रचनेत उपलब्ध व्हावीत, यासाठी शासनाने उपाययोजना करणे अपेक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्या प्रकरणात ग्राहक-ओळख पडताळणीसाठी डोळ्यांची उघडझाप करण्याची अट काहींना पूर्ण करता येत नसल्याचा प्रश्न होता. एकाच प्रकारच्या हालचालीची सक्ती नागरिकाला सेवेबाहेर कशी ठेवते, हे त्यातून दिसले.

परिधेय उपकरणे शरीराविषयीची माहिती सतत गोळा करतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीची तरतूद आहे. आरोग्यविषयक माहितीसाठी मात्र स्वतंत्र ‘संवेदनशील’ वर्ग नाही. त्यामुळे नोंदी उपकरणातच राहतात की कंपनीकडे जातात, हे खरेदीपूर्वी पाहणे हिताचे असते. साधन प्रचलित माउस-कळफलक पद्धतीने जोडता येते का, कंपनीची सेवा बंद झाल्यास ते चालेल का आणि वापरकर्त्याला ते मदतीविना अंगावर चढवता-उतरवता येते का, हेही तपासावे. आज्ञा हातांविना देता आली, तरी पट्टा बांधण्यासाठी दुसऱ्याचे हात लागत असतील, तर स्वावलंबन अपुरेच राहते.