गोपिकाबाईंचा उपदेश

गोपिकाबाई पेशव्यांनी नातवाला, सवाई माधवरावाला, पाठवलेला उपदेश वरवर वाचला तर कोरडा वाटतो. पहाटे केव्हा उठावे, स्नानसंध्या कशी करावी, दिवस कसा घालवावा, माणसांशी कसे वागावे. पेशवा झाला तरी पोर लहान, आणि आजी मायेचा शब्द सोडून नेमच सांगते!

पण त्या बाईचे काय काय गेले होते ते पाहा. वाईच्या रास्त्यांची लेक, नानासाहेबांची पत्नी. थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडला. त्याच जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. १७७२ मध्ये दुसरा मुलगा माधवराव थेऊरला क्षयाने गेला. पुढच्याच ऑगस्टात शनिवारवाड्यात गारद्यांनी धाकट्या नारायणरावाला कापून काढले. त्याच्यामागे १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेले हे एकच मूल तिच्या वंशात उरले. कारभार नाना फडणिसांकडे, बाई नाशिकजवळ गंगापूरला. नातवापर्यंत पोचायला हाती कागदच होता.

आणि तो कागद घरगुती नव्हता. पेशव्याच्या नावे आलेले पत्र कारकून वाचणार, कारभारी वाचणार. तिथे काळीज कसे उघडायचे?

याउलट फ्रान्सच्या मादाम द सेव्हिन्ये हिची लेक १६७१ मध्ये दूर प्रोव्हान्सला नांदायला गेली, तेव्हापासून ती उमराव विधवा आयुष्यभर तिला लिहीत राहिली. दरबारातल्या बातम्या, आणि तुझ्यावाचून करमत नाही हेही, उघड उघड. तिची पत्रे फ्रेंच साहित्यात मानाने वाचली जातात.

आमच्या वरवट बकाल गावी मात्र मी शाळेत असताना शेजारच्या बायांची पत्रे लिहून द्यायची. लेक शेगावला नाहीतर अकोटला दिलेली. आई सांगायची, ‘टाइमावर जेवत जाय, सासूच्या शब्दाबाहेर जाऊ नको.’ आठवण येते असे कोणीच लिहवून घेतले नाही. लिहिणारी पोरगी समोर बसलेली असताना ते तोंडातून निघत नसे. जे निघत नसे ते जेवणाच्या वेळेत बसवलेले असे. गोपिकाबाईंचे नेम मी तसेच वाचते.

सवाई माधवराव १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून एकविसाव्या वर्षी गेला. आजी त्याआधीच वारली होती. इतिहासात तिची ओळख सत्तेचा हव्यास असलेली बाई अशी राहिली. हट्टी ती होतीच. पण तिच्याविषयी निवाडा देणाऱ्याने हा उपदेशही पुराव्यात धरावा, तीन मुलगे गेलेल्या आईने लिहिलेला म्हणून.