कूस बदलण्याचा इतिहास

शय्याव्रण, म्हणजे वॉर्डातल्या रोजच्या बोलीतला बेडसोर, ही एकाच कुशीवर फार वेळ पडून राहिल्याने होणारी जखम आहे. माकडहाड, खुबा, टाच अशा जागी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह अडतो, आणि आधी न मावळणारी लाली, मग फोड, व दुर्लक्ष झाल्यास हाडापर्यंत पोचणारा खड्डा, अशी ती वाढत जाते.

ही जखम टळू शकते, हे मान्य व्हायला वैद्यकाला बराच काळ लागला. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी 1853 च्या सुमारास, पाठीचा कणा जायबंदी झालेल्या प्राण्यांना स्वच्छ आणि दाबापासून मुक्त ठेवले तर व्रण होत नाहीत, असे दाखवले होते. तरीही 1870 च्या दशकात पॅरिसचे नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी या व्रणांचे मूळ मज्जासंस्थेच्या इजेत असल्याचे सांगितले, आणि त्यांच्या अधिकारामुळे व्रण अटळ मानण्याची वृत्ती बळावली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मात्र 1859 मध्येच दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असे ठामपणे मांडले होते. त्यांचे म्हणणे व्यवहारात सिद्ध झाले ते दुसऱ्या महायुद्धात: लुडविग गुटमान यांनी 1944 पासून इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे जायबंदी सैनिकांची कूस रात्रंदिवस दर दोन तासांनी बदलण्याचा दंडक घातला. महाराष्ट्रात अशा रुग्णांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अली येथे 1955 मध्ये संस्था स्थापन झाली आणि 1974 मध्ये खडकीला कंबरेखालचे बळ गेलेल्या जवानांचे केंद्र उभे राहिले. आपल्या वॉर्डांत पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. लाल झालेल्या जागी चोळल्याने आतली इजा वाढू शकते, हे ध्यानात आल्यावर ती मागे पडली, पण चादरीची सुरकुती काढणे आणि टाचा गादीपासून उचललेल्या राहतील अशी पोटरीखाली उशी देणे, हे जुने धडे आजही तितकेच खरे आहेत.

मोजणी त्याहून अलीकडची आहे. डोरीन नॉर्टन यांनी 1962 मध्ये शारीरिक स्थिती, मनाची जागरूकता, चालणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींवर गुण देऊन धोका ओळखण्याची रीत दिली. पुढे युरोपातील पाच देशांच्या पाहणीत सुमारे 18 टक्के रुग्णांना व्रण आढळले, तर वाराणसीच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण 4.94 टक्के होते. या आकड्यांवरून आपली शुश्रूषा सरस ठरवणे भाबडेपणाचे होईल, कारण आपल्याकडील रुग्ण तुलनेने तरुण असतो, लवकर घरी जातो, आणि त्याची कूस बदलण्याचे काम पुष्कळदा नातेवाईकच करतात. परिचारिकांची वाण जुनीच आहे: 1946 च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती.

वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यातील सातिवलीसारख्या गावात या आकड्यांची मर्यादा स्पष्ट होते. कारखाने आणि गाळ्यांच्या अशा कामगारवस्तीत कंबरेखालचे बळ गेलेला माणूस रुग्णालयात काही आठवडे असतो आणि घरच्या अंथरुणावर काही वर्षे. तिथे त्याला उचलायला एकटी बायको किंवा म्हातारी आई असते, आणि कामाची पाळी चुकली की त्या दिवसाचा पगार बुडतो. घरी झालेली जखम रुग्णालयाच्या पाहणीत येत नाही. ती चिघळून रुग्ण पुन्हा भरती झाला तरच तिची नोंद होते. त्यामुळे या विकाराचे खरे प्रमाण काढायचे, तर घरी पाठवलेल्या रुग्णाची पाठही नियमाने तपासावी लागेल, आणि ते काम घरभेट देणाऱ्या परिचारिकेशिवाय होणार नाही.