वगातला उशीर

मराठी रहस्यकथेचा इतिहास बहुधा छापील पुस्तकापासून सांगितला जातो. बाबूराव अर्नाळकर, त्यांचे झुंजार आणि काळापहाड, पुढे नारायण धारप, रत्नाकर मतकरी. मला ही सुरुवात अपुरी वाटते. अक्षरओळख नसलेल्या माणसांनाही रात्रभर जागेवर खिळवून ठेवण्याचे तंत्र तमाशाच्या वगाने त्याआधीच कमावले होते, आणि त्याचे एक मोठे ठाणे म्हणजे जुन्नर तालुक्यातले नारायणगाव.

उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानला जातो. त्याचे साल १८६५ सांगतात. गण, गवळण, बतावणी उरकून वग उभा राहीपर्यंत रात्र बरीच चढलेली असे. जुन्या वगाला पूर्ण लेखी संहिता क्वचितच असायची. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद मात्र उभ्या उभ्या सुचायचे. गाठ कुठे आवळायची, कुठे सैल सोडायची हे नट समोरच्या माणसांकडे बघून ठरवत.

अर्नाळकरी कथेत गुन्हेगार कोण हे वाचकापासून लपवलेले असते. वगात प्रधानाचा कट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो. ठाऊक नसतो तो भोळ्या राजाला. राजा संकटाच्या तोंडाशी येतो आणि नेमका तेव्हाच सोंगाड्या पुढे सरसावून भाकरीचा नाहीतर बायकोचा विषय काढतो. लोक हसतात, पण एक डोळा प्रधानावर ठेवून. याला रसभंग म्हणणे मला पटत नाही. सोंगाड्या जितका वेळ खातो तितका राजाचा जीव टांगणीला लागतो. टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवावा, असे हिचकॉकने १९६२ साली त्रूफोला दिलेल्या मुलाखतीत समजावले. वगाला ही युक्ती कुणाकडून शिकावी लागली नव्हती.

वातावरणासाठी वेगळा खर्च नव्हता. गॅसबत्तीचा उजेड संपला की शिवाराचा अंधार सुरू. धारपांना तो अंधार शब्दांनी उभा करावा लागला. इथे तो प्रेक्षकाच्या पाठीशीच होता. विठाबाई नारायणगावकरांचे (१९३५–२००२) नाव आपण लावणीपुरते घेतो, पण त्या वगातही उभ्या राहत, हे विसरतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आली. वेळ कापायची ठरली तेव्हा कात्री पडली ती वगावर, आणि वगातही या उशिरावर.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. मंचर, घोडेगावकडचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. त्यांची बोलणी मी राहुटीत बसून ऐकली आहेत. नाचणाऱ्या किती, गाणी कोणती, लाइट केवढी, असे सगळे विचारून होते. वग कोणता, हे कधी विचारतात, कधी नाही.