वाचायची मुभा आणि वाचायचा हक्क

धर्मग्रंथ कोणी वाचायचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. स्त्री-शूद्रांना वेद ऐकण्याचीही बंदी घालणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध लढूनच आपण इथवर आलो. पण ही मक्तेदारी फक्त ब्राह्मणी धर्मापुरती नव्हती. कॅथलिक चर्चचा इतिहास म्हणूनच आपण वाचला पाहिजे.

आज वसईतल्या मराठी मिस्सेला गेलो तर एखादी बाई पुढे येऊन बायबलमधला उतारा वाचताना दिसते. हे सुरुवातीपासून असंच होतं, असं वाटू शकतं. तसं नाही.

स्त्रियांनी धर्मसभेत गप्प राहावं, हे पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातलं वाक्य शतकानुशतके पुढे केलं गेलं. वाचक हे पद पुरोहितपदाकडे जाणारी एक पायरी होती. स्त्री पुरोहित होऊ शकत नाही, म्हणून ती वाचकही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषा आणि लोकांचा सहभाग मान्य केला, तेव्हा दार किलकिलं झालं. पण १९६९ च्या नियमावलीची अट बघा. योग्य पुरुष हजर नसेल तर बिशपांच्या परिषदेने स्त्रीला वाचू द्यावं, आणि तिने वेदीच्या परिसराबाहेर उभं राहून वाचावं! शब्द तिच्या तोंडून चालतील, पण पाय त्या जागेवर चालणार नाहीत. चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्यांना या अटीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी वाचकपद सामान्य लोकांसाठी खुलं केलं. पण लोक म्हणजे पुरुष. कारण दिलं परंपरेचं. १९८३ च्या धर्मकायद्यातही हीच विभागणी राहिली. कायमचं वाचकपद पुरुषाला, तात्पुरतं वाचन कोणालाही. म्हणजे प्रत्यक्षात बायका दर रविवारी वाचत होत्या, पण कागदावर त्या बदली कामगार होत्या.

जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कलम २३० मधला 'पुरुष' हा शब्द काढला. एक शब्द काढायला ४८ वर्षांहून अधिक काळ लागला. २३ जानेवारी २०२२ रोजी रोममध्ये पोपच्या हस्ते स्त्रियांना पहिल्यांदा हे पद मिळालं. तरीही मिस्सेत शुभवर्तमान वाचणं आणि प्रवचन देणं आजही पुरोहित किंवा डीकन यांच्याकडेच आहे, आणि ही पदं स्त्रियांना बंद आहेत. ग्रंथ वाचा, पण अर्थ आम्ही सांगू!

यातून आम्ही एक गोष्ट शिकतो. सोय म्हणून दिलेली मुभा कधीही काढून घेता येते. हक्क लेखी लागतो. बाबासाहेबांनी संविधानावर एवढा भर का दिला, ते इथे कळतं.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून आम्हाला थांबता येणार नाही. वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. सतरंजीवर बसणाऱ्या आणि ग्रंथ वाचणाऱ्या कितीतरी जणी असतात. पण मंचावरून त्या ग्रंथावर बोलतं कोण? विहार समितीच्या अध्यक्षपदी किती महिला आहेत? आपल्या वस्तीतल्या विहाराच्या घटनेत हे लिहून घ्यायला आपणही ४८ वर्षे लावणार आहोत का?

जय भीम!