वाट पाहण्याचा इतिहास : चौल बंदर ते परळ

चौलचा इतिहास सांगायला बसलो की आपण येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी देतो. टॉलेमीच्या ग्रंथातलं सिमुल्ला, अरबांचं सैमूर, दहाव्या शतकात इथे येऊन गेलेला अल-मसूदी, पंधराव्या शतकात इथे उतरलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन, मग रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट. या यादीत एक गोष्ट सुटते. बंदरातल्या माणसाचं बरंचसं आयुष्य वाट पाहण्यात जातं. आज आपण त्या वाट पाहण्याकडे बघू या. त्याचं कारण मात्र आजचं आहे.

चौल-रेवदंड्याच्या एखाद्या घरात बायॉप्सीचा रिपोर्ट येतो. कर्करोग आहे एवढं कळतं. डॉक्टर सांगतात, ‘मुंबईला टाटाला दाखवा.’ मग नोंदणी, तपासण्या, पुन्हा तारीख. रोग कळला आहे पण उपचार सुरू झालेले नाहीत, असे हे मधले दिवस. उपचारांपेक्षा हेच दिवस जड गेले, असं सांगणारी माणसं आपल्यातही असतील. झोप लागत नाही, गाठ रोज वाढतेय असं वाटतं, आणि घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही. इथल्या जुन्या लोकांनी वाट कशी पाहिली, त्यातून आपल्याला काही घेता येतं का?

पहिली वाट समुद्राची. पावसाळ्यात शिडाची जहाजं इथून हलत नसत. जमिनीवरही तीच गत. निकितिन चौलहून घाट चढून जुन्नरला पोचला आणि पावसात तिथेच अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. पण या थांबण्याला मुदत होती. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, मग होड्या पाण्यात जातात. कधी सुटका होणार हे ठाऊक असलं की त्या काळात जाळी विणता येतात, होड्या डागडुजीला घेता येतात. मुदतच ठाऊक नसेल तर माणसाचे हात चालत नाहीत.

दुसरी वाट आजारपणाची. चौलला शितळादेवीचं देऊळ आहे. घरात देवी आल्या, म्हणजे कुणाला देवीचा रोग झाला, की त्यावर औषध नव्हतं. पण घराला काम होतं. फोडणी द्यायची नाही, कडुलिंबाचा पाला ठेवायचा, परक्याला आत घ्यायचं नाही, आजाऱ्याशी मऊ बोलायचं. यातून रोग बरा होत नव्हता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. देवी हटल्या त्या लसीने. मुंबईत १८०२ साली पहिली लस टोचली गेली आणि १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. तरी त्या रिवाजाने एक गोष्ट साधली होती. घरातलं कोणी नुसतं बसून राहत नव्हतं.

तिसरी वाट आपली, परळची. टाटा घराण्यातल्या लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पैशाची ददात नसलेल्या घरालाही तेव्हा उपचारांसाठी परदेश गाठावा लागला होता. पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. परदेशातला उपचार परळला आला, आणि सगळ्या देशाची रांगही परळला आली. आता त्याच संस्थेचं केंद्र आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे. तरी रांग संपलेली नाही.

या रांगेत दोन प्रकारचे दिवस मिसळलेले असतात. काही दिवस उपचाराचाच भाग आहेत. बायॉप्सीच्या काचा पुन्हा तपासतात, स्कॅन करून रोग कुठवर गेलाय ते बघतात, शस्त्रक्रिया आधी की औषधं आधी हे वेगवेगळे तज्ज्ञ मिळून ठरवतात. घाईने केलेली चुकीची शस्त्रक्रिया नंतर निस्तरणं कठीण असतं. बाकीचे दिवस मात्र गर्दीचे आहेत, डॉक्टर आणि यंत्रं कमी असल्याचे आहेत. ते रुग्णाच्या नशिबाचे नाहीत. म्हणून पाठपुरावा करायला, जवळच्या दुसऱ्या केंद्रात सोय होईल का हे विचारायला संकोच करू नये.

मुदत आणि काम या दोन गोष्टी इथे जाणूनबुजून मिळवाव्या लागतात. पुढची तारीख कोणती, तोवर काय करायचं, मध्येच रक्तस्राव झाला, श्वास लागला किंवा गिळता येईना तर कुठे जायचं, हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. काचा, ब्लॉक आणि रिपोर्टची फाईल घरातल्या एकाने सांभाळावी. तंबाखू बंद करावी, साखर ताब्यात आणावी, पोटभर जेवावं. आणि ‘तारीख येईपर्यंत करून बघू’ म्हणून जडीबुटीच्या नादी लागू नये. हातची तारीख त्यातच निसटते.

तिसरी गोष्ट सोबत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. गावाकडून आलेली कुटुंबं तिथे राहतात. शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगतो, ‘आमचंही असंच झालं होतं, आता चौथं केमो चाललंय.’ हे वाक्य डॉक्टरला म्हणता येत नाही, ते त्या वाटेने गेलेल्यालाच म्हणता येतं.

टाटा रुग्णालयाने गेल्या काही वर्षांत रुग्णाला वाट दाखवणारी माणसं शिकवून तयार करायला घेतली. कुठल्या खिडकीवर जायचं, कुठली तपासणी आधी, मदत कुठे मिळेल, हे ती सांगतात. या उपक्रमाचं नाव ‘केवट’. रामाला गंगेपार नेणारा तो नावाडी. केवट नदी आटवत नाही, पण उतारूला काठावर एकटं सोडत नाही.

आपल्या किनाऱ्यावर होडी हाकणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. शेजारच्या घरात असा रिपोर्ट आला तर ‘काही लागलं तर सांगा’ एवढ्यावर थांबू नये. ‘बुधवारी मांडव्याला मी सोबत येतो, फाईल माझ्याकडे द्या,’ असं म्हणावं. त्या घराला निदान बुधवारपर्यंतची मुदत मिळते.