नॉर्थ कॅरोलायनातील कोळसा-प्रदूषणविषयक कायदे

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याने कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचा धूर (२००२) व राख (२०१४) यांच्या बंदोबस्तासाठी केलेले दोन कायदे. पहिला दूरदृष्टीचा, दुसरा नाइलाजाचा.

‘क्लीन स्मोकस्टॅक्स अॅक्ट’वर राज्यपाल माइक ईझ्ली यांनी जून २००२ मध्ये सही केली. दोन वीजकंपन्यांच्या १४ केंद्रांनी १९९८ च्या तुलनेत नायट्रोजन ऑक्साइडे २००९ पर्यंत सु. ७७ टक्क्यांनी व सल्फर डायऑक्साइड २०१३ पर्यंत सु. ७३ टक्क्यांनी घटवावेत, असे बंधन त्यात होते. कायद्याची खरी चतुराई मात्र आणखी एका कलमात आहे. प्रदूषण घटल्यामुळे शिल्लक राहणारे उत्सर्जन-परवाने कंपन्यांनी राज्याच्या हवाली करावेत, असे ते कलम सांगते. ते परवाने बाहेर विकले गेले असते, तर इथे अडवलेला धूर शेजारच्या राज्यात सुटला असता आणि वाऱ्याबरोबर परतही आला असता. शेजाऱ्यांच्या धुराविरुद्ध राज्याने पुढे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या वीजसंस्थेला कोर्टातही खेचले. त्या दाव्यात २०११ मध्ये तडजोड झाली.

धुराड्यातील गंधक चुनखडी मिसळलेल्या पाण्याने धुऊन काढतात. हवा स्वच्छ होते. पण जिप्सम आणि दूषित पाणी मागे उरते. शिवाय आर्सेनिक, सेलेनियम, पारा असलेली राख नदीकाठच्या, तळाला अस्तर नसलेल्या तलावांत साठतच होती. तिच्याकडे पहिल्या कायद्याने पाहिले नाही.

२ फेब्रुवारी २०१४ रोजी ईडन गावाजवळ बंद पडलेल्या डॅन रिव्हर केंद्रात राखेच्या तलावाखालून गेलेला ४८ इंच व्यासाचा पावसाळी पाण्याचा पन्हळी पत्र्याचा नळ फुटला. सु. ३९,००० टन राख नदीत गेली आणि करडा गाळ सु. ११० किमी. पर्यंत, थेट व्हर्जिनिया राज्यात पोचला. केंद्र ड्यूक एनर्जी या वीजकंपनीचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘कोल अॅश मॅनेजमेंट अॅक्ट’ झाला, तो राज्यपाल पॅट मक्रॉरी यांच्या सहीविना. (तेथील राज्यपाल लोकांनी निवडून दिलेला कारभारी असतो; मक्रॉरी यांची जवळजवळ तीन दशके ड्यूकमध्ये नोकरीत गेली होती.) राखेचे सर्व तलाव २०२९ पर्यंत बंद करायचे, सर्वांत धोकादायक चार ठिकाणची राख आधी उपसायची, असे ठरले. देखरेखीसाठी नेमलेला आयोग मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने तलावांलगतच्या विहिरींवर अवलंबून असलेल्या घरांना कायमचा पाणीपुरवठा देणे कंपनीवर बंधनकारक झाले.

कमी धोक्याचे ठरलेले तलाव जागच्या जागी झाकण्याची मुभा ही या कायद्यातील मोठी पळवाट. ती बऱ्याच अंशी बुजली ती २०२० च्या आरंभी, पर्यावरण संघटना, राज्य सरकार व ड्यूक यांच्यातील तडजोडीने. तिच्यानुसार सु. ८ कोटी टन राख उपसून अस्तर घातलेल्या खड्ड्यांत हलवायची आहे. २०२१ च्या तडजोडीत या कामाच्या खर्चापैकी सु. १.१ अब्ज डॉलरचा भार ड्यूकने ग्राहकांवरून उतरवला. उरलेला खर्च वीजबिलांतून वसूल होतो.