बारावी तसबीर

आमच्या शाळेला चाळीस वर्षे पुरी झाली म्हणून गावाने वर्गणी काढली. रंगरंगोटी, सतरंज्या आणि पेढे यांचा हिशेब चुकता झाल्यावर पेटीत ९,७०० रुपये उरले. या पैशांत मुलांसाठी एक कॅमेरा घ्यावा असे सर्वानुमते ठरले आणि तो निवडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. गुरुजी कादंबऱ्या लिहितात, त्या अर्थी त्यांना सर्व काही समजते, असा आमच्या गावाचा एक भोळा समज आहे. वास्तविक माझी धाव मॅट्रिकपर्यंतची. यंत्र म्हटले की मला शाळेची घंटा आणि गिरणी एवढीच आठवते.

शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत खोके पुढे सरकवले. “अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल, सोळा पट झूम, फक्त सहा हजार!” आकडे ऐकून माझी छाती दडपली. पण स्वस्त वस्तू एवढ्या मोठ्या आवाजात बोलू लागली की मास्तराच्या मनात पाल चुकचुकते. विचार करून येतो, असे सांगून मी घरी परतलो आणि शिक्षकाने जे करावे तेच केले; इतिहास उघडला.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसात जाहीर झाली आणि फार उशीर न लावता आपल्या मुंबईस येऊन पोचली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची मंडळी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये या विद्येचा वर्गही निघाला. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. परंतु हा शौक गोरगरिबांचा नव्हता. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली आहे तोवर चित्र घ्यायचे आणि ती सुकण्याआत धुऊन काढायची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर तंबू, बाटल्या आणि हमाल आलेच. साहजिकच काचेवर उमटले ते राजेरजवाडे, साहेब आणि शेठसावकार.

हा पसारा कमी केला तो अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमन या गृहस्थाने. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो नोकरीस लागला होता. हे वाचून माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यास थोडा धीर आला! १८८८ साली त्याने पहिला कोडॅक बाजारात आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची गुंडाळी. गुंडाळी संपली की अख्खा कॅमेरा कारखान्यात धाडायचा, आणखी १० डॉलर भरायचे, की चित्रे छापून आणि नवी गुंडाळी भरून तो परत येई. यंत्र सोपे झाले, पण खिशाला ते अवघडच होते. मग १९०० साली आला ब्राउनी. पुठ्ठ्याची पेटी, साधे भिंग, किंमत एक डॉलर. पहिल्याच वर्षी लाखाहून अधिक पेट्या खपल्या. लहान मुलांच्या हाती प्रथमच कॅमेरा आला.

आपल्याकडे मध्यमवर्गीयांचा ब्राउनी म्हणजे बडोद्याला बनणारा आगफा क्लिक-थ्री. काळा, सुटसुटीत, ऊन आणि ढग अशा दोनच खुणा. एका रिळात बारा तसबिरी. हा आकडा माझ्या मनात खिळ्यासारखा रुतून बसला आहे. त्याची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

१९८८ च्या भाऊबीजेला मामा असला कॅमेरा घेऊन आमच्याकडे आला. मी आठ वर्षांचा. मामाने आजोबांची तसबीर काढली, आम्हा भावंडांची काढली, बैलजोडीची काढली. प्रत्येक वेळी तो आकडा मोठ्याने मोजी. अकरा झाल्यावर तो म्हणाला, “ताई, आता तू ये.” आई चुलीपाशी होती. “असल्या मळक्या लुगड्यात नको रे दादा, बदलून येते,” म्हणून ती आत गेली. तेवढ्यात गावातले एक बडे प्रस्थ दारात आले आणि मामाला भिडेखातर बारावी तसबीर त्यांची काढावी लागली.

आई नवे लुगडे नेसून बाहेर आली तेव्हा रीळ संपले होते. ती हसली आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला पुन्हा आत गेली. “पुढल्या भाऊबीजेला नक्की,” मामा म्हणाला. पुढल्या भाऊबीजेला आई नव्हती.

मामाच्या त्या बारा तसबिरी आजही माझ्या ट्रंकेत आहेत. बैलांची शिंगे त्यात स्पष्ट दिसतात. आई कोठेच नाही.

म्हणूनच पुढचा इतिहास मी जरा निराळ्या नजरेने वाचला. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेत रूपांतर करून साठवणारी चकती योजली. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तशी चकती वापरून फिल्मवाचून चालणारा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात ठिपके अवघे १०,०००, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद! पण त्या ओबडधोबड पेटीने मामाचा ‘बारा’ हा आकडा कायमचा पुसून टाकला. आता अकराव्या तसबिरीनंतर कोणाला आत जाऊन थांबावे लागणार नव्हते.

पुढे २०१० साली जगभरात एका वर्षात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. मग हे काम मोबाईलने उचलले आणि २०२० साली तो आकडा एक कोटीच्याही खाली आला. याचा आम्हा गरिबांना एक फायदा झाला. हौशी लोकांनी घेतलेले चांगले कॅमेरे कपाटांत पडून राहिले आणि निम्म्याहून कमी भावात विकायला निघाले. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथेच होते.

शिकलो ते थोडक्यात सांगतो. मेगापिक्सेलच्या आकड्यास भुलू नये. एक हात लांब तसबीर छापायलाही दहा मेगापिक्सेल पुरतात. खरे महत्त्व आतल्या चकतीच्या आकाराला. पागोळीखाली वाटी धरली आणि परात धरली तर पाणी कशात जास्त साचेल? भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची चकती खिशातल्या साध्या कॅमेऱ्याच्या सुमारे बारापट असते, म्हणून संध्याकाळच्या उजेडातही तो चेहरा ओळखतो. झूम भिंगाचा असावा. डिजिटल झूम म्हणजे चित्राची कड कात्रीने कापून उरलेले मोठे करणे. जुना कॅमेरा घेताना भिंगातून विजेरीचा झोत सोडून बुरशी पाहावी, कोऱ्या कागदाचे चित्र काढून डाग पाहावेत, पडदा किती वेळा उघडला ते विचारावे, आणि बॅटरी व कार्ड यांसाठी पैसे राखून ठेवावेत.

अखेर २००८ सालचा, दहा मेगापिक्सेलचा, भिंगासह एक कॅमेरा ८,२०० रुपयांना मिळाला. उरलेल्या पैशांत कार्ड आणि पिशवी आली.

पहिल्या दिवशी मुलांना सांगितले, आधी मोठ्या माणसांच्या नव्हे, रोज दिसूनही न दिसणाऱ्या माणसांच्या तसबिरी काढा. सातवीतली एक मुलगी थेट खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे गेली. मावशी लाजल्या. कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, “अगं, या अवतारात नको. घरी जाऊन बरं लुगडं नेसून येते.”

माझ्या छातीत क्षणभर चर्र झाले.

“या ना मावशी,” ती पोर म्हणाली, “पण ही एक अशीच काढते. नव्या लुगड्यातली मग काढू. कितीही काढता येतात!”

दोन्ही तसबिरी आम्ही कागदावर छापून घेतल्या, कारण यंत्रातले चित्र यंत्राबरोबर हरवते. नव्या लुगड्यातली मावशींनी घरी नेली. हाती पळी घेतलेली शाळेच्या भिंतीवर आहे.